ऑनलाइन नाणी घेताना फोटो कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही ऑनलाइन १८६२ चा व्हिक्टोरिया राणीचा चांदीचा रुपया घेतलात. फोटोत तो पांढराशुभ्र होता आणि शेजारी ‘यूएनसी’ (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेलं) असा शेरा होता. घरी आलेला रुपया राखाडी निघाला, आणि खिडकीपाशी धरल्यावर त्याच्यावर बारीक रेघांचं जाळं दिसलं. विक्रेता म्हणतो, फोटो ह्याच नाण्याचा आहे, हवं तर जुळवून बघा. जुळवलात, तर जुळतोही. मग ही फसवणूक म्हणायची का, आणि पुढच्या वेळी हे आधीच कसं ओळखायचं?

फोटोबद्दल विक्रेता बहुधा खरं बोलतोय. शेऱ्याबद्दल नाही. रेघांचं जाळं असलेल्या, म्हणजे कधीतरी घासलेल्या रुपयाला नुसतं ‘यूएनसी’ म्हणून विकणं चूकच आहे. पण तुमचा खरा प्रश्न फोटोचा आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

चांदीच्या नाण्याची किंमत बरीचशी त्याच्या पृष्ठभागावर ठरते, आणि पृष्ठभाग कळायला नाण्यावरचा प्रकाश हलावा लागतो. फोटोत तो एका जागी थांबलेला असतो. फोटो काढणाऱ्याने तो कुठे थांबवला, ह्यावर तुम्हाला काय दिसणार आणि काय नाही हे ठरतं. मी नाणी घेतो, विकतो आणि लिलावांच्या कॅटलॉगसाठी त्यांचे फोटोही काढतो. एकाच रुपयाचे असे दोन फोटो काढता येतात, की एक बघून तुम्ही बोली वाढवाल आणि दुसरा बघून पुढे जाल. दोन्हींत संगणकावर काहीही बदललेलं नसेल.

हे स्वतः करून बघा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. रात्री खोलीतले दिवे घालवा आणि टेबलावरचा एकच दिवा ठेवा, शक्यतो उघड्या बल्बचा. त्याच्याखाली नाणं कडेने धरून हळूहळू कलतं करा. न वापरलेलं, न घासलेलं नाणं असेल तर मध्यापासून कडेपर्यंत गेलेले प्रकाशाचे दोन पट्टे दिसतील, आणि नाणं कलेल तसे ते पंख्याच्या पात्यांसारखे गोल फिरतील. टांकसाळीत ठशाचा दाब पडतो तेव्हा धातू मध्यातून बाहेरच्या दिशेने सरकतो. त्यामुळे पृष्ठभागावर डोळ्यांना सुटं न दिसणारं त्रिज्येच्या दिशेचं पोत तयार होतं, आणि त्यावरून परतणारा प्रकाश म्हणजे हे पट्टे. संग्राहक ज्याला ‘लस्टर’ म्हणतात ते हेच. नाणं एकदा घासलं की हे पोत गेलं, आणि ते परत आणता येत नाही. घासलेलं नाणं चमकतं, पण त्याची चमक सगळीकडे एकसारखी, मुर्दाड असते. पट्टे फिरत नाहीत. आता तेच नाणं दिव्याखाली गोल फिरवा. एका विशिष्ट कोनात अचानक एकाच दिशेच्या बारीक रेघा उमटतील आणि नाणं पाव फेरा फिरलं की नाहीशा होतील. फडक्याने किंवा टूथपेस्टने घासल्याच्या त्या खुणा. तुमच्या विक्रेत्याचा दिवा बहुधा दुसऱ्या कोनात होता.

म्हणून चांदीचं नाणं घेताना मी फोटोच्या आधी व्हिडिओ मागतो. सात-आठ सेकंदांचा पुरे: एकच दिवा, नाणं बोटांत कडेने धरलेलं, हळूहळू कलतं होणारं, दोन्ही बाजू. मोबाइलवर हे काढायला कुणालाही पाच मिनिटं लागत नाहीत. देत नसेल तर ते नाणं दुसऱ्या कुणाला तरी घेऊ द्या. खिडकीतल्या उन्हात काढलेला व्हिडिओही चालतो. ट्यूबलाइटखालचा मात्र फारसा उपयोगाचा नाही, कारण लांब पसरलेला मवाळ प्रकाश रेघा आणि पट्टे दोन्ही पुसून टाकतो.

फोटोतही वाचण्यासारखं बरंच असतं. सुरुवात नाण्याच्या आजूबाजूपासून करा. खाली पांढरा कागद असेल तर तो कसा दिसतोय? पिवळट किंवा निळसर दिसत असेल तर चांदीचा रंगही तितकाच सरकलेला आहे. कागदाचा पोत अजिबात दिसत नसेल, नुसता पांढरा डाग असेल, तर फोटोत प्रकाश जास्त झालाय, आणि नाण्याच्या सपाट भागातल्या रेघा, डाग, राखाडीपणा सगळं त्या पांढऱ्यात बुडालंय. तुमच्या रुपयाच्या बाबतीत माझा अंदाज हाच आहे. राखाडी चांदी पांढरीशुभ्र दाखवायला एक्स्पोजर (फोटोत शिरणारा प्रकाश) थोडं वाढवलं की काम होतं, आणि बरेच मोबाइल काळ्या कापडावर ठेवलेल्या नाण्याच्या बाबतीत ते आपोआप वाढवतात. फोटोत बोटं दिसत असतील तर उत्तमच. माणसाच्या कातडीचा रंग आपल्याला पाठ असतो. बोटं नारिंगी दिसत असतील तर नाण्यावरचं सुंदर सोनेरी ‘टोनिंग’ (काळाने चांदीवर चढलेली रंगछटा) बल्बचंही असू शकतं. निळ्या-जांभळ्या इंद्रधनुषी छटांना हल्ली चांगली किंमत मिळते आणि सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) वाढवणं बोटाच्या एका फटकाऱ्याचं काम आहे. तिथे तर पार्श्वभूमी आणि बोटं बघितल्याशिवाय बोलीच लावू नका.

आपल्याकडे बरेच जण अजूनही नाणी स्कॅनरवर ठेवून प्रतिमा काढतात. त्यात खोटेपणा काही नाही, उलट अक्षरं, तारीख, टांकसाळीची खूण स्कॅनमध्ये स्वच्छ येते आणि प्रमाणही बिघडत नाही. पण स्कॅनरचा दिवा काचेला लागून ठरलेल्या कोनातून सरकतो, त्यामुळे लस्टर मरतं आणि टोन झालेलं नाणं मळकट, काळपट दिसतं. स्कॅनमध्ये वाईट दिसणारं नाणं हातात चांगलं निघण्याची शक्यता बरीच असते. जाणकार लोक अशा नोंदींवर डोळा ठेवून असतात.

मोबाइलचा दोष उलटा. जवळून फोटो काढताना बरेच फोन गुपचूप रुंद कोनाच्या लेन्सवर जातात. मग मधला भाग फुगतो, कडा मागे जातात आणि राणीचा गाल आहे त्यापेक्षा उठावदार वाटतो. त्यात फोन स्वतःहून प्रतिमा धारदार करतो, म्हणून झिजलेल्या अक्षरांनाही तीक्ष्ण कडा येते. अक्षरांभोवती बारीक फिकट रेषा दिसली की समजा, ही धार फोनची आहे, ठशाची नाही. अलीकडे धूसर फोटो स्पष्ट करून देणारी ॲप्स आली आहेत. ती तपशील वाढवत नाहीत, अंदाजाने नवे रचतात. मराठाकालीन अंकुशी किंवा चांदवडी रुपयांवरच्या फारसी मजकुराचं ती काय करतात ते फारसी वाचणाऱ्याला दाखवा. अक्षरासारखं काहीतरी असतं, पण अक्षर नसतं.

ह्या जुन्या रुपयांच्या बाबतीत आणखी एक गंमत घडते. त्यांच्यावर सराफांनी चांदी पारखण्यासाठी मारलेले लहान ठोसे असतात, म्हणजे खड्डे. प्रकाश खालच्या बाजूने आला असेल तर फोटोत ते खड्डे उंचवटे वाटतात आणि उंच अक्षरं खोदल्यासारखी. आपला मेंदू प्रकाश वरून येतोय असंच धरून चालतो. असा विचित्र फोटो दिसला तर तो उलटा फिरवून बघा, सगळं जागेवर येतं. नवखे लोक ह्याच कारणाने चांगल्या नाण्याला बनावट समजतात.

आता तुमच्या १८६२ बद्दल, कारण फोटो किती स्पष्ट हवा हे सांगायला ह्यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. १८६२ ही तारीख रुपयावर त्याच एका वर्षापुरती नव्हती. पुढची बाराएक वर्षं तीच तारीख चालू राहिली आणि १८७४ मध्ये बदलली. मधल्या काळात मुंबई टांकसाळीने वेगवेगळ्या वर्षांची नाणी ओळखता यावीत म्हणून बारीक ठिपके घातले. ठिपके किती आणि कुठे आहेत ह्यावर नाणं सहज मिळणारं की दुर्मिळ हे ठरतं. हे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे असतात. सपाट, धूसर फोटोत तीन ठिपके दोन दिसतात आणि मळाचा कण ठिपका वाटतो. म्हणून अशा नाण्याला पूर्ण बाजूचा फोटो पुरत नाही, तारखेचा जवळून काढलेला वेगळा फोटो लागतो. तसाच १८३५ च्या विल्यम चौथ्याच्या रुपयाला राजाच्या मुखवट्याच्या, गळ्यापाशी कापलेल्या कडेचा लागतो, कारण तिथली एफ किंवा आरएस ही अक्षरं प्रकार ठरवतात.

पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया सगळ्यांना माहीत आहे. राजाच्या वस्त्रावरच्या हत्तीची सोंड आखूड झाली, तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. ह्यात खरेदीदाराच्या कामाची गोष्ट अशी: तारीख १९११ आणि हत्ती लांब सोंडेचा असेल, तर तारखेशी खेळ झालाय. म्हणजे हत्तीचा स्पष्ट फोटो हाच तारखेचा पुरावा. सहाव्या जॉर्जच्या १९३९ च्या रुपयाला अशी सोय नाही. तो फार दुर्मिळ आहे आणि १९३८ मधला शेवटचा आकडा बदलून केलेले बाजारात फिरतात. तिथे ९ च्या आकड्याचा बाजूच्या प्रकाशातला, आकड्याच्या भोवतीची जमीन दिसेल असा फोटो मागा. कोरलेल्या किंवा डाख देऊन जोडलेल्या जागेभोवती पृष्ठभागाचं पोत तुटलेलं असतं. एवढ्या किमतीच्या नाण्यासाठी नुसत्या फोटोवर पैसे देऊ नयेत, हे माझं ठाम मत आहे.

कडेचा फोटो जवळजवळ कुणी देत नाही आणि जवळजवळ कुणी मागत नाही. तो मागाच. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याला कडेवर जोडाची बारीक रेघ असते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतात, दातेरी कडा कुठे भरलेली, कुठे पुसट असते. दागिन्यात वापरलेल्या नाण्याला डाख देऊन जोडलेली कडी काढून टाकल्याची खूण बहुतेक वेळा कडेवरच सापडते. आपल्याकडे गळ्यातल्या पुतळ्या-रुपयांच्या माळा मोडून कितीतरी नाणी बाजारात आली. फोटो काढताना जोडाची ती जागा बोटाखाली किंवा नाणं ठेवायच्या होल्डरच्या कडेखाली सहज लपते.

वजनकाट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटोही मागा. ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या रुपयापासून चांदीच्या रुपयाच्या वजनाचं प्रमाण १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. वापरून झिजलेला रुपया त्याहून थोडा हलका भरतो. पण चांगल्या अवस्थेतलं म्हणून दिलेलं नाणं दहा ग्रॅमच्या आसपास भरत असेल तर फोटो कितीही देखणा असो, विषय संपला. आकाराचंही तेच. पट्टीशिवाय आकार कळत नाही. दक्षिणेतला सोन्याचा फणम अर्ध्या ग्रॅमहून हलका, नखावर मावेल एवढा असतो, पण पडद्यावर तो रुपयाएवढाच मोठा दिसतो. पार्सल उघडल्यावर कित्येक जण नाणं कुठे गेलं म्हणून खोक्यात शोधतात.

तांब्याच्या शिवराईची कथा वेगळी आहे. इथे लस्टरचा प्रश्न नाही, मजकूर किती उमटलाय हा प्रश्न आहे. ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’. ठसा नाण्याच्या तुकड्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर क्वचितच येतात. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खोबणीत खडूची पूड किंवा माती भरतात, किंवा फोटोच्या आधी तेलाचं बोट फिरवतात. ओल्या तांब्यावर अक्षर काळंभोर आणि स्वच्छ दिसतं. कोरड्या नाण्याचा फोटो मागितला की फरक कळतो. चिंच-मीठ लावून लाल केलेली शिवराई फोटोत नवी कोरी वाटते, पण जाणकारासाठी तिची किंमत उतरलेली असते. तांब्याला तीनशे वर्षांत आलेला काळपट-हिरवा थर हीच तिची कांती. मात्र हिरव्याचेही दोन प्रकार असतात. घट्ट, गडद, गुळगुळीत हिरवा चांगला. फिकट, पोपटी, पुडीसारखा भुरभुरणारा हिरवा म्हणजे तांब्याला क्लोराइडने धरलेलं, आणि ते पुढे नाणं खात जातं. फोटोत रंग सरकलेला असेल तर हे दोन हिरवे वेगळे ओळखता येत नाहीत. पुन्हा तेच, शेजारी पांढरा कागद ठेवायला सांगा.

हाताने पाडलेल्या नाण्यांसाठी एक तपासणी मला फार आवडते. शिवराई नीट गोल नसते, प्रत्येकीची बाह्यरेषा वेगळी. दोन बाजूंचे फोटो एकाच नाण्याचे असतील तर एका बाजूची बाह्यरेषा दुसऱ्या बाजूच्या रेषेची आरशातली प्रतिमा असली पाहिजे. मोबाइलच्या एडिटरमध्ये एक फोटो आडवा उलटा करा, थोडा गोल फिरवा आणि दुसऱ्याशी जुळवून बघा. जुळत नसेल तर चांगल्या अक्षरांची एक बाजू एका नाण्याची आणि दुसरी दुसऱ्याची आहे. असं होतं, मी बघितलंय. रुपयांवर हेच काम कडेवरचा चेपा करतो: एका बाजूला दिसणारा चेपा दुसऱ्या बाजूला आरशातल्या जागीच दिसायला हवा.

शिवरायांच्या सोन्याच्या होनाबद्दल एकच सांगतो. अस्सल होन इतके थोडे आहेत की फोटो बघून होन घेण्याचा विचारच करू नका. स्मरणिका म्हणून बनवलेल्या प्रतिकृतींचे फोटो अस्सल म्हणून सर्रास फिरतात.

चोरलेले फोटो ही निराळी बाब. एखादा फोटो फार व्यावसायिक वाटला, त्याच विक्रेत्याचे बाकीचे फोटो सतरंजीवर काढलेले असतील आणि हा एकच स्टुडिओतला असेल, तर गूगल लेन्सवर टाका. बऱ्याचदा तो एखाद्या लिलावगृहाच्या जुन्या कॅटलॉगमधून उचललेला निघतो. ‘फोटो प्रातिनिधिक आहे’ असं लिहिलेलं असेल तर ते नाणं तुमच्यासाठी नाही. चालू चलनातल्या नाण्यांचा सेट घेताना ते चालेल, एकेका जुन्या नाण्याला नाही. खात्रीसाठी विक्रेत्याला त्या दिवशीची तारीख चिठ्ठीवर लिहून ती नाण्याशेजारी ठेवायला सांगा.

एनजीसी किंवा पीसीजीएस ह्या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्थांच्या सीलबंद होल्डरमधलं नाणं असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाका. क्रमांक सापडला म्हणजे काम झालं असं नाही, कारण बनावट होल्डरवर खरे क्रमांक छापतात. तिथे नाण्याचा फोटो उपलब्ध असेल तर डाग, ओरखडे, टोनिंगचा आकार एकेक करून जुळवा. इथे रंगापेक्षा जागा महत्त्वाची, कारण प्रकाशाने रंग बदलतो, डागाची जागा बदलत नाही.

काही वस्तूंचा फोटो तपासण्यात वेळच घालवू नका. रामदरबार किंवा हनुमान असलेला, १८१८ चा, ईस्ट इंडिया कंपनीचा म्हणून विकला जाणारा ‘अर्धा आणा’ हे कंपनीचं नाणं नव्हेच, देवस्थानाबाहेर मिळणारा टोकन आहे. तसंच, ‘वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं द्या, लाखो मिळवा’ असं सांगून आधी फी मागणारे. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलंय.

डोळा तयार करण्यासाठी पडद्याबाहेर खरी नाणी बघावीच लागतात. मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मॉनेटरी म्युझियम, नाशिकजवळ अंजनेरीची नाणेसंशोधन संस्था, पुण्या-मुंबईत भरणारी नाण्यांची प्रदर्शनं. प्रदर्शनात विक्रेत्याला विचारून नाणं हातात घ्या, बघा, आणि तिथेच स्वतःच्या मोबाइलने त्याचा फोटो काढा. घरी आल्यावर फोटो आणि आठवण ताडून बघा. नुसती पुस्तकं वाचून येणार नाही एवढं ह्यातून येतं.

राहिला तुमचा रुपया. परत करण्याची मुदत शिल्लक असेल तर आजच कळवा. वर सांगितल्याप्रमाणे एका दिव्याखाली व्हिडिओ काढा, रेघा दिसतील तो कोन त्यात येऊ द्या, आणि ‘यूएनसी’ हा शेरा असलेल्या नोंदीचा स्क्रीनशॉट जोडा. ‘फोटो चुकीचा आहे’ असं लिहू नका, विक्रेता ते खोडून काढेल. ‘वर्णन चुकीचं आहे, नाणं घासलेलं आहे’ असं लिहा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला व्यावसायिक विक्रेता नकार देऊ शकत नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. एखाद्या ग्रुपवर हौशी माणसाकडून घेतलं असेल तर मात्र हे नियम लागू होतीलच असं नाही, तिथे बोलूनच मिटवावं लागेल. पाठवण्यापूर्वी तारखेजवळचे ठिपके भिंगाखाली मोजा. घासलेला असला तरी दुर्मिळ ठिपक्यांचा निघाला तर ठेवण्यासारखा असू शकतो, त्यासाठी किंमत कमी करून मागा. आणि तोवर त्याला काहीही लावू नका, कडेने धरा, पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका. त्या प्लॅस्टिकमधून सुटणारं द्रव्य चांदीवर हिरवट चिकट थर धरतं, आणि मग तो थर तुमच्याकडे आला की आधीपासून होता ह्यावरून नवा वाद सुरू होतो.